वाकड्या मानेचा जिराफ

सहल आखावी तर मीच! आमच्या घरात हे सगळ्यांना मान्य आहे. म्हणजे मी मान्य करून घेतलं आहे. आमचे हे वाचनालयात नोकरीला. दिवसभर हळू बोलून बोलून त्यांना विरोधसुद्धा हळूच करायची सवय लागली आहे, आणि तो मला ऐकू येत नाही.

तर ठरलं होतं प्राण्यांच्या बागेत जायचं. खरे प्राणी नव्हेत हं! सगळे फायबरचे. मगरीच्या पोटातून जाणारी आगगाडी, पाणी उडवणारा हत्ती, आणि मधोमध तो जिराफ. त्याच्या डोक्यावर पाळण्यासारखी खुर्ची. मान हळूहळू वर जाते आणि वरून म्हणे सगळी बाग दिसते. मागच्या वर्षी आमच्या लेकीला उंची कमी म्हणून त्यात बसू दिलं नाही. घरात सगळे तिला टिल्ली म्हणतात, ते तिला मुळीच आवडत नाही, आणि त्या दिवशी तर एका परक्या माणसानं सगळ्यांसमोर तिला मोजून टिल्ली ठरवलं! तेव्हापासून पोर रोज दाराच्या चौकटीला लटकत होती. उंची वाढते म्हणे. उंची वाढली की नाही ठाऊक नाही, बिजागरी मात्र सैल झाली. ह्या वर्षी तिला जिराफावर बसवायचंच, असा मी शब्द दिला होता.

गर्दीत कुणी हरवू नये म्हणून मी एक युक्ती काढली. सगळ्यांनी एकसारखे टी-शर्ट घालायचे! मी कपड्यांच्या कारखान्यात तपासनीस आहे. शिवण, काज, छपाई, सगळं माझ्या डोळ्याखालून जातं. नुकताच एका मालाचा अख्खा गठ्ठा मी नापास केला होता. भडक नारिंगी शर्ट, पाठीवर जिराफ, पण छापताना जिराफाची मान एका बाजूला कलली होती. माल कुठल्या गिऱ्हाइकाचा ते आम्हाला कुणी सांगत नाही आणि आम्ही विचारत नाही. नापास कपडे कामगारांनी घरी न्यायला हरकत नसते. मी चार आणले. टिल्लीचा कापून लहान केला.

"जरा भडक होतोय का गं?" ह्यांनी विचारलं.

"हरवलेला माणूस सापडायला भडकच लागतं!"

"मी काय म्हणतो, त्यापेक्षा नदीकाठी एखाद्या झाडाखाली…"

"झाडावर खुर्ची आहे का? मान वर जाते का झाडाची?"

सासूबाईंनी मात्र शर्ट चढवला आणि आरशात पाहून म्हणाल्या, "बरं वाटतंय गं. गणवेश घातल्यासारखं." सासूबाई मोठ्या इस्पितळातल्या निवृत्त नर्स. नुसत्या नर्स नव्हेत, वॉर्डच्या मुख्य! त्यांच्या वॉर्डात डॉक्टरसुद्धा पाय पुसून यायचे.

बागेच्या दाराशी ही भलीमोठी रांग. आम्ही शेपटाला उभे राहतो न राहतो तोच दरवान धावत आला.

"अहो, ही काय यायची वेळ झाली? तिकडच्या दाराने आत व्हा, पटकन!"

आम्ही बाजूच्या दाराने थेट आत! तिकिटं माझ्या पर्समध्ये तशीच.

"बघितलंत?" मी ह्यांना म्हटलं. "तिकिटं आधी काढून ठेवली की असा मान मिळतो."

आत पाहते तर जिकडेतिकडे नारिंगी शर्ट. झाडू मारणारे नारिंगी, आइस्क्रीम विकणारे नारिंगी, मगरीच्या तोंडाशी दोरी धरून उभी असलेली बाई नारिंगी. मला इतका अभिमान वाटला! "हल्ली हाच रंग चालतोय," मी सासूबाईंना सांगितलं. "मला कपड्यातलं कळतं ते उगाच नाही."

मग लोक येऊन विचारायला लागले. स्वच्छतागृह कुठे आहे? हत्ती पाणी कधी उडवतो? हे प्रत्येकाला इतकं हळू उत्तर देत होते की लोक कान पुढे करून त्यांच्याभोवती घोळका करून उभे. एका बाईनं तर आपलं तान्हं बाळ माझ्या हातात दिलं आणि म्हणाली, "दोन मिनिटं सांभाळा हं, तुमचं कामच आहे ते!" लोक किती मनमोकळे असतात, असं वाटून मी ते सांभाळलंसुद्धा.

बाळ परत दिलं, टिल्लीला आइस्क्रीम घेऊन दिलं आणि वळून पाहते तर हे गायब! सासूबाईही गायब! कारंज्यापाशी फक्त एक अस्वल उभं होतं. केसाळ, तपकिरी, आणि खांदे पडलेलं. त्यानं मला पंजानं खूण केली.

"अगं," अस्वल कुजबुजलं. "मीच आहे."

"अहो! तुम्ही आत काय करताय?"

"वॉकीटॉकीवाला एक साहेब आला. म्हणाला, अस्वलवाला आजारी आहे, तू चल. मी म्हटलं, मी वाचनालयात असतो. तर म्हणाला, उत्तम, अस्वलाला बोलायचं नसतं."

"मग नाही म्हणायचं ना!"

"म्हणणारच होतो. तोवर डोकं बसवलं."

"पण त्यानं तुम्हालाच का धरलं?"

अस्वलानं पंजा उचलून माझ्या शर्टाकडे दाखवला. मग झाडूवाल्याकडे. मग आइस्क्रीमवाल्याकडे. मी झाडूवाल्याची पाठ नीट पाहिली. तोच जिराफ! फक्त त्याची मान सरळ होती. पास झालेला माल.

आम्ही अख्खं कुटुंब इथल्या नोकरांचा गणवेश घालून आलो होतो!

"आता आईला शोध," अस्वल म्हणालं. "मला कुणी सोडवायला येईपर्यंत मी इथेच… नाचतो." आणि समोर मुलं जमल्यावर ते खरंच नाचायला लागलं. लग्नात एवढी विनवणी केली होती तेव्हा एक पाऊल उचललं नव्हतं हो ह्यांनी!

सासूबाईंना फार शोधावं लागलं नाही. त्यांचा आवाजच आला. जिराफाच्या पायथ्याशी त्या उभ्या होत्या आणि समोर अशी रांग, की फूटपट्टीनं आखावी! जिराफ चालवणारा माणूस त्यांच्या मागे हात बांधून उभा.

"एका पेशंटबरोबर एकच नातेवाईक! बाकीचे बाहेर थांबा! तुम्ही कोण? मावशी? भेटायची वेळ नाही ही. तुला ताप आहे का रे? जीभ दाखव. चल, बस."

"आई!" मी त्यांच्या कानाशी लागले. "आपण इथल्या नाही आहोत! शर्टामुळे सगळा घोळ झालाय!"

"ते मला केव्हाच कळलंय," सासूबाई म्हणाल्या. "पण इथे काही शिस्त होती का? सगळी धक्काबुक्की. रांग संपली की निघू."

म्हटलं, असू दे! घरचंच माणूस दारात आहे, आता टिल्लीला कोण अडवतो? मी तिला मापाच्या पाटीपाशी उभं केलं. पाटीवर लाल रेघ. टिल्ली ताठ उभी राहिली. डोकं रेघेला बरोब्बर टेकलं! पोरीचा चेहरा असा फुलला म्हणून सांगू!

"बूट काढ," सासूबाई म्हणाल्या.

"आई, काय हे!"

"माप अनवाणीच घेतात. केस दाबून धर. मान सरळ." टिल्लीनं बूट काढले. रेघ बोटभर वर राहिली. "कमी आहे. पुढचा!"

"आजी!" टिल्लीचे डोळे भरून आले.

"इथे मी आजी नाही," सासूबाई म्हणाल्या, पण आवाज जरा चिरकला. "बाळा, वरून पडलीस तर?"

आता मात्र माझं डोकं फिरलं. वर्षभर चौकटीला लटकलेली पोर ही! मी पर्समधून टेप काढली. तपासनिसाच्या पर्समध्ये एक वेळ कंगवा नसेल, टेप असतेच. "ही पाटीच चुकीची लावलीय!" मी ओरडले. "मी कपड्यात दोऱ्याएवढा फरक पकडते! आत्ता दाखवते सिद्ध करून!"

रांगेतले लोक पुढे सरकले. वॉकीटॉकीवाला साहेबही आला. मी फरशीला टेप लावली आणि रेघेपर्यंत ताणली. पाटीवर लिहिलं होतं एकशे वीस सेंटिमीटर. टेप म्हणाली एकशे बारा.

मी परत मोजलं. एकशे बारा.

पाटी चुकीची होती, ह्यात शंकाच नाही. पण ती वर लावलेली नव्हती, खाली होती! तिथे नवी जाड फरशी बसवली होती आणि पाटी उचलायची राहून गेली होती. म्हणजे टिल्ली बोटभर नव्हे, चांगली अर्धी वीत कमी! आणि सकाळपासून वर गेलेली निम्मी पोरं कमीच!

"बंद करा!" सासूबाई आणि साहेब एकदमच म्हणाले. जिराफानं मान खाली घातली ती घातलीच. आज माप तपासल्याशिवाय कुणीही वर जाणार नाही, असं साहेबानं जाहीर केलं आणि अख्ख्या रांगेनं माझ्याकडे पाहिलं.

"ह्या बाईनं बंद पाडला!"

"आम्ही सकाळपासून उभे आहोत!"

"अहो, मी इथली नाही!" मी म्हणाले. पाठीवर जिराफ घेऊन असं म्हटलं की कोण विश्वास ठेवणार? एक गृहस्थ तर माझी तक्रार माझ्याकडेच करत होते.

"आरडाओरडा बाहेर!" सासूबाई गरजल्या. "इतरांना त्रास होतो!" सगळे गप्प. तेवढ्यात मी टिल्लीला घेऊन पळाले ती थेट स्वच्छतागृहात. दोघींचे शर्ट उलटे करून घातले. जन्मभर कपड्यांची उलटी बाजू तपासली, आता ती घालून फिरायची वेळ आली!

टिल्ली रडत नव्हती. तेच मला जास्त लागलं. ती नुसती म्हणाली, "आता मी कधीच नाही वाढणार." शब्द मी दिला होता, आणि तो मोडलाही मीच. तोही टेप लावून!

कारंज्यापाशी अस्वल होतं. मी जाऊन त्याच्या शेजारी मटकन बसले आणि मला राहवेना.

"तुमचंच बरोबर होतं," मी म्हटलं. "नदीकाठीच जायला हवं होतं. शर्ट भडकच होते. मी कुणाचं ऐकतच नाही. तुम्ही किती सोसता माझं! पुढची सहल तुम्हीच आखा. मी एक शब्द बोलणार नाही."

अस्वलानं मान हलवली, माझ्या डोक्यावर पंजा ठेवला, मग टिल्लीकडे पाहिलं आणि एका झटक्यात तिला उचलून खांद्यावर घेतलं. आणि निघालं! मगरीला वळसा, हत्तीला वळसा, जिराफाच्या खाली घातलेल्या डोक्याला तर टिल्लीनं वरून चापट मारली! लोक वाट करून देत होते. टिल्ली ओरडत होती, "मला सगळं दिसतंय! आई, मला पलीकडचा रस्ता दिसतोय!" मी मागून धावत होते, डोळे पुसत. आमचे हे इतके रुबाबदार चालतात, हे मला इतक्या वर्षांत कळलं नव्हतं.

"झाला का जिराफ?"

मी थबकले. उपाहारगृहाच्या पायरीवर, हातात कॉफीचा पेला घेऊन, नवरा उभा होता. केस घामानं चिकटलेले, शर्ट उलटा.

"तुम्ही इथे? मग… ते?"

"तो अस्वलवाला. बरं वाटलं म्हणून आला. मला मघाशीच सोडलं."

अस्वल थांबलं. टिल्लीला अलगद खाली ठेवलं, डोकं काढलं. आत एक मिशीवाला दणकट गृहस्थ. माझ्याकडे पाहून हात जोडून म्हणाला, "ताई, पंधरा वर्षं संसार झाला, आमच्या घरी असं कुणी बोललं नाही हो. फार बरं वाटलं."

"काय बोलली?" ह्यांनी विचारलं.

"काही नाही!" मी म्हणाले आणि टिल्लीचा दंड धरला. "आणि तुला गं? कळलं नाही हे बाबा नाहीत ते?"

"उचललं तेव्हाच कळलं," टिल्ली म्हणाली. "बाबांची कंबर दुखते. ते मला उचलतच नाहीत."

"मग सांगितलं का नाहीस मला?"

"मग तू मला खाली उतरवलं असतंस."

मी सासूबाईंना आणायला गेले. आणि पुढची सहल कोण आखणार म्हणाल, तर मीच. ह्यांना कुठे काही ऐकू आलंय!