गटार क्रमांक एकशे बारा, उजवे व डावे

अधीक्षकांनी वयाच्या चोपन्नाव्या वर्षी स्पोर्ट्स कार घेतली, ही बाब परवानगी कार्यालयात अधिकृतपणे कोणी नोंदवली नाही. पण चौथ्या मजल्यापासून तळमजल्यापर्यंत सगळ्यांनी ती खिडकीतून पाहून घेतली. गाडी लाल, दोन आसनांची, पहिल्या मालकाची हौस फिटल्यावर विकलेली, आणि इतकी बुटकी की आत बसताना अधीक्षकांना आधी वाकावं, मग वळावं आणि शेवटी नशिबावर हवाला ठेवून अंग सोडून द्यावं लागे. ताशी अडीचशेची सोय असलेली ती गाडी ते घर ते कार्यालय ताशी तीसने चालवत. सायकलवाले बाजूने पुढे जाताना वाकून आत बघत.

गाडीमागचं कारण मात्र पोरकट नव्हतं. लग्नानंतर त्यांनी बायकोला शब्द दिला होता, की तुझ्या ताईच्या गावापर्यंतचा घाटरस्ता एकदा आपल्या गाडीने, छत उघडं टाकून जाऊ. एकोणतीस वर्षं तो शब्द विचाराधीन होता. आता ताईच्या खुब्याचं ऑपरेशन बारा तारखेला ठरलं होतं.

"अहो, आता तरी जाऊ या," बायको म्हणाली. "मी पंधरा दिवस राहीन तिच्याजवळ."

नेमकं तेव्हाच पुढच्या उजव्या चाकातून खडखड ऐकू यायला लागली. मेकॅनिकने बंपरच्या खालच्या अंगाला असलेली दोन तोंडं दाखवली.

"घाटात ब्रेक तापतात. या नळीतून हवा थेट ब्रेकवर जाते. आता हवा जाते तिथून खडाही जाणारच." त्याने आत हात घालून एक खडा, मूठभर पाचोळा आणि अर्धी पेन्सिल बाहेर काढली. "जाळी बसवून घ्या. फार बारीक नको, हवा अडेल. करंगळी जाणार नाही एवढी भोकं पुरेत. अर्ध्या तासाचं काम आहे."

अर्ध्या तासाचं काम रविवारी पाच तास चाललं. अधीक्षकांनी आधी पुठ्ठ्याचा साचा कापला, तो उलटा निघाला म्हणून पुन्हा कापला. स्टीलच्या जाळीच्या कडा आत दुमडताना तीन बोटांना पट्ट्या लागल्या. जाळी तोंडात बसवून प्लास्टिकच्या पट्ट्यांनी मागून आवळायची होती. पण मागच्या कोपऱ्यापर्यंत त्यांचा हात पोचेना. बायकोचा पोचला.

"आता मी सांगेन तेव्हा ओढ," ते म्हणाले.

"ओढली सुद्धा," ती म्हणाली.

कडेला चिकटद्रव्याचे चार थेंब सोडून त्यांनी अंगठ्याने जाळी दाबून पाहिली. हलेना. अधीक्षक हरखले. आजवर त्यांच्या हातून गोष्टी फक्त पुढील कार्यवाहीस्तव गेल्या होत्या. संपलेली ही पहिलीच.

सोमवारी सकाळी दाढी करताना त्यांना नियम आठवला. वाहनास मूळ बनावटीव्यतिरिक्त कोणताही भाग जोडल्यास परवानगी आवश्यक. आठवायला कष्ट पडले नाहीत, कारण अकरा वर्षांपूर्वी तो त्यांनीच, एका बैठकीत आणि फार चांगल्या मनःस्थितीत, लिहिला होता.

"कोणाला दिसणार आहे ती जाळी?" बायकोने विचारलं.

"मला माहीत आहे ना!" अधीक्षक म्हणाले. आपल्या या उत्तराने ते स्वतःच थोडे भारावले.

दुसऱ्या मजल्यावर वाहनांच्या टेबलाशी बसणारी कारकून त्यांच्याच हाताखाली तयार झालेली. तिने अर्ज दोनदा वाचला.

"साहेब, जाळी आमच्या यादीत नाही."

"मग?"

"जी वस्तू यादीत नाही, ती सर्वांत जवळच्या वस्तूत धरावी. तुमचंच परिपत्रक आहे." तिने जाड पुस्तक उघडलं. "जाळ्या तीन. खिडकीची, मासेमारीची आणि गटाराची. तुमच्या जाळीतून कोणी बाहेर बघतं का?"

"नाही."

"मासे?"

"नाहीत."

"एक तोंड, त्यामागे नळी, आणि कचरा अडवायला जाळी. साहेब, हे गटार आहे."

तर्कात कुठेही खोट नव्हती. अधीक्षकांना तिचा अभिमान वाटला, आणि त्या भरात त्यांनी सही केली.

गटार निरीक्षक बादली घेऊन आले. उजव्या तोंडात पाणी ओतलं, ते चाकाशी निघालं. डाव्या तोंडात ओतलं, तेही निघालं. "निचरा समाधानकारक," असा शेरा पडला आणि बंपरवर लोखंडी बिल्ले बसले: गटार क्रमांक ११२, उजवे व डावे. अधीक्षकांनी घरी येऊन बायकोला बॅग भरायला सांगितलं. परवानगी चार दिवसांत मिळाली होती. एवढ्या झपाट्याने त्यांनी स्वतः कधी कोणाला दिली नव्हती.

अकरा तारखेला सकाळी त्यांनी गाडी सुरू केली, तोच निरीक्षक धावत आले.

"साहेब, गटार घेऊन कुठे निघालात?"

"मेहुणीकडे."

"नोंदलेलं गटार जागेवरून हलवता येत नाही. स्थलांतराची परवानगी लागते. उताराचा नकाशा जोडावा लागतो."

"आम्ही घाटातून जाणार आहोत."

निरीक्षकांनी कळवळून मान हलवली. "घाटात प्रत्येक वळणाला उतार वेगळा, साहेब. प्रत्येक वळणाचा अर्ज वेगळा."

बायको खाली उतरली, घरातून कात्री घेऊन आली आणि बंपरसमोर बसली. "मी ओढलेल्या पट्ट्या आहेत. मीच कापते."

"अगं, थांब! सार्वजनिक गटाराची जाळी काढणं गुन्हा आहे!"

ती थांबली. गुन्ह्याला घाबरून नव्हे. तिने मान वर करून नवऱ्याकडे नीट पाहिलं. "एकोणतीस वर्षं मला वाटायचं," ती म्हणाली, "की वरचे लोक तुम्हाला अडवतात."

मग तिने बॅग खांद्याला लावली आणि ती बसने गेली.

अधीक्षक बराच वेळ बंद गाडीत बसून राहिले. बाजूची सीट रिकामी. वारा यायला नको म्हणून छत लावायला गेले, तेव्हा लक्षात आलं की उभ्या गाडीत वारा येतच नाही. दुपारी ते दुसऱ्या मजल्यावर गेले आणि त्या कारकून बाईंसमोर उभे राहून म्हणाले, "काहीतरी मार्ग काढा ना." हे वाक्य त्यांनी आपल्या टेबलाच्या आतल्या बाजूने हजारो वेळा ऐकलं होतं. बाहेरच्या बाजूने ते म्हणताना मान आपोआप थोडी खाली जाते, हे त्यांना त्या दिवशी कळलं.

"मार्ग आहे," ती म्हणाली. "गटाराची नोंद रद्द करू. गल्लीत नोटीस लावायची, आठ दिवस हरकती मागवायच्या. कोणाची हरकत आली नाही, तर नवव्या दिवशी तुमची गाडी पुन्हा गाडी."

अधीक्षकांनी दुसऱ्या दिवशी संध्याकाळी फोन लावला. ऑपरेशन नीट पार पडलं होतं. "तुला न्यायला मी येतो," ते म्हणाले. "छत उघडं टाकून."

 मग ती म्हणाली, "येताना माझी शाल आणा. घाटात गार लागतं."

त्यांनी शाल त्याच रात्री घडी करून रिकाम्या सीटवर ठेवली. सकाळी गल्लीच्या भिंतीवर नोटीस लागली: 'गटार क्रमांक ११२ बंद करणेबाबत.' सात दिवस कोणी फिरकलं नाही. मोटारीतल्या गटारावर हरकत कोण घेणार? आठव्या दिवशी कार्यालय बंद व्हायला दहा मिनिटं असताना एक अर्ज दाखल झाला. 'आमच्या गल्लीतील गटार बंद केल्यास पाणी तुंबून रोगराई पसरेल, सबब ते कायम ठेवावे.' खाली त्रेचाळीस सह्या.

अधीक्षक अर्जाची प्रत घेऊन दारोदार फिरले. एकानेही तो वाचला नव्हता. पहिली सही निवृत्त मुख्याध्यापकांची. ते म्हणाले, "जनहिताचं काही असेल म्हणून केली." बाकीचे म्हणाले, "वर सह्या होत्याच की." हरकत मागे घ्यायला मात्र कोणी तयार होईना. एकदा सही केली म्हणजे त्यात तथ्य असणार, असं प्रत्येकाचं म्हणणं पडलं. पंचवीसहून अधिक सह्या असल्या की प्रकरण सुनावणीला जातं, आणि सुनावणी यथावकाश असते. बायको बसने गेली होती, बसनेच परत आली.

आता सुनावणीसाठी प्रत्येक सही कोणाची ते निश्चित करण्याचं काम चालू आहे. बेचाळीस जणांचा पत्ता लागला. एकोणिसावी तेवढी लागत नाही. कागद भिंतीला टेकवून, दुसऱ्याच्या पेनाने, घाईत केलेली आहे. सही घेणाऱ्याला एवढंच आठवतं, की त्या व्यक्तीने 'कशाबद्दल आहे?' असं विचारलं होतं, आणि उत्तर मिळायच्या आत सही करून ती पुढे गेली. आपण ही गोष्ट वाचताना मघापासून अधीक्षकांना हसत आहात, म्हणून सहज विचारतो: ती सही आपलीच ना?