मोडकबाईंचं सुतक

कॉलनीच्या गणपतीत मोडकबाईंना आरतीला बोलवायला गेलो, तर त्या दारातूनच म्हणाल्या, "मी येत नाही. सुतक आहे."

"अरे बाप रे! कोण गेलं?"

"एलायझा. वय वर्षं आठ. तापानं गेली."

"कधी?"

"झाली असतील सव्वाशे वर्षं. मला काल कळलं."

ही नव्वदच्या दशकातली गोष्ट. बाई भूगोल शिकवून निवृत्त झालेल्या, गंगापूर रोडला आमच्या शेजारी एकट्याच राहायच्या. जवळच्याच आपल्या शरणपूरला इंग्रजांच्या काळात आफ्रिकेतली मुलं राहायची. गुलाम म्हणून विकायला चालवलेली, भर समुद्रात जहाजांवरून सोडवलेली. पाद्र्यांनी त्यांना इथे आणून सुतारकाम, लोहारकाम शिकवलं. हे वाचल्यापासून बाई अधूनमधून पहाटेच्या गाडीनं मुंबईच्या सरकारी दफ्तरखान्यात जायच्या आणि ताज्या बातम्या घेऊन यायच्या. "आपला जेकब रंधा छान मारतो हं!" समोरच्या काकूंना कितीतरी दिवस वाटत होतं, बाईंनी घरात सुतार लावलाय.

"पुरावा काय?" हे त्यांचं पालुपद. दूधवाला म्हणाला, "पाणी नाय घातलं बाई," की लगेच, "पुरावा?" बिचारा दुसऱ्या गल्लीतून जायला लागला.

सोवळ्याओवळ्यात आमच्या आईचा शब्द शेवटचा. सुतकाचं ऐकून ती तरातरा बाईंकडे गेली. "अहो, ना नात्यातली, ना गोत्यातली. आणि इतक्या उशिरा कळलं तर नुसती आंघोळ पुरते!"

"तेव्हा तिच्यासाठी कोणी रडल्याचा पुरावा नाही," बाई म्हणाल्या. "एलायझा हे नावसुद्धा पाद्र्यांनी दिलेलं. आईनं ठेवलेलं कुठे सापडतच नाही. मी दहा दिवस धरणार."

आई परत आली. घरोघरी मोदक चालले होते, आणि तिनं पिठलं-भात केला. मयताच्या घरी नेतात तसा झाकून बाईंना देऊन आली.

पुढे काही वर्षांनी बाई गेल्या. दूरचा एक भाचा होता, त्याला मी फोन केला. "आम्हाला आंघोळ पुरते," तो म्हणाला. शास्त्राप्रमाणे त्याचं बरोबरच होतं. मला फार वाईट वाटलं.

दोन दिवसांनी समोरच्या काकू हळदीकुंकवाचं बोलावणं घेऊन आल्या. आई दारातूनच म्हणाली, "मी येत नाही. सुतक आहे."

"बाईंचं? अहो, त्या तुमच्या कोण लागत होत्या?"

"पुरावा नाही," आई म्हणाली आणि तिनं दार लोटून घेतलं.