युरोपात जाण्याआधी कापायची डुकरं

कोणतेही राष्ट्र मोठ्या संघात सामील होते ते जाणत्या नागरिकांच्या बळावर, आणि नागरिक जाणते होतात ते दारात पुस्तिका येऊन पडल्यावर. हे तत्त्व आमच्या सरकारला वेळेत उमगले, याबद्दल त्याचे आभार मानावेत तेवढे थोडेच. एक जुलैला क्रोएशिया युरोपीय संघात जाणार होता. त्याआधी, बाभळी फुलायच्या दिवसांत, आमच्या ब्रेस्तोवा गावात घरोघर पुस्तिका वाटल्या गेल्या. रिकाम्या घरांतही वाटल्या गेल्या. (त्या घरांतली माणसे केव्हाच जर्मनीला गेली होती, म्हणजे पुस्तिकेतला उपदेश त्यांनी न वाचताच पाळला होता. लोकजागृतीत गावाचा पहिला क्रमांक आला तो मुख्यतः त्यांच्यामुळे.)

पुस्तिका देखणी होती. मुखपृष्ठावर एक कुटुंब हसत होते; तसले दात गावात कुणाचेच नसल्यामुळे ते परदेशी असावे, असे ठरले. आत पोर्तुगालमध्ये पेन्शन कशी घ्यावी ते होते, उत्तरेकडच्या समुद्रात कोणी किती हेरिंग मासे धरावेत तेही होते. (आमच्या गावाजवळ समुद्र नाही, पण माहिती असलेली बरी.) एकच गोष्ट नव्हती: नोव्हेंबरात घरचे डुक्कर घरी कापता येईल की नाही.

हा प्रश्न यान्यामावशीचा. तिचा मुलगा बार्तोल जर्मनीत श्टुटगार्टला असतो आणि वर्षातून एकदाच घरी येतो, डुक्कर कापायला. नाताळला येत नाही, ईस्टरला येत नाही. पण पहिल्यांदा दव गोठले की येतो, सॉसेज भरता भरता आईशी बोलतो (हात गुंतले की पोरगा मोकळा होतो, असे मावशीचे म्हणणे), आणि गाडीच्या डिकीत घोंगडीखाली मांस दडवून सीमा ओलांडतो. डुक्कर नाही, तर बार्तोल नाही. हिशेब सरळ होता.

गावच्या आगीच्या बंबवाल्यांच्या सभागृहात माहितीसभा भरली. राजधानी झाग्रेबहून वेद्राना नावाची हसतमुख अधिकारी आली होती. मावशी पहिल्याच रांगेत.

"बाई, मला माझं डुक्कर घरी कापू देतील का?"

"फार छान प्रश्न! आपल्या परंपरांचा पूर्ण आदर राखला जाईल."

"आदर मी राखते हो. तुम्ही कापू देणार का, ते सांगा."

"त्याचं वेगळं पत्रक निघतंय."

मागून आमचा खाटीक शिमूनकाका ओरडला, "आणि डुकराला म्हणे खेळायला चेंडू द्यायचा! लपाछपीला गडी कोण देणार, सरकार?"

सभागृह हसून लोळले. वेद्रानाचा चेहरा मात्र उजळला. तिला अखेर उत्तर येणारा प्रश्न मिळाला होता. "हो, हो! डुकरांना विरंगुळा द्यावाच लागतो. पुस्तिकेत आहे!"

हसू थांबले. जे सरकार डुकराला चेंडू देते, ते त्याला कापू कसे देईल? तर्क निर्दोष होता. तेव्हा जे काय कापायचे ते एक जुलैच्या आत, असे गावाने एकमुखाने ठरवले.

डुक्कर कापायचे ते थंडीत. उन्हात मांस टिकत नाही. म्हणून जूनमध्ये थंडीची सोय करण्यात आली. बंबाने अंगणांवर पाणी मारले. शिमूनकाकाने लोकरीची टोपी चढवली, कारण तिच्याशिवाय त्याची सुरी चालत नाही. गारठा घालवण्यासाठी पहाटे राकिया, म्हणजे फळांची कडक दारू, पिण्याची रीत आहे. गारठा नव्हता, तरी तो येईल या भीतीने दुप्पट घेण्यात आली. डुकरे अर्धीच वाढलेली, त्यामुळे मांड्या बशीत मावत होत्या. माश्यांची उपस्थिती शंभर टक्के होती.

फक्त यान्यामावशीने कापले नाही. "जूनमध्ये बार्तोलला रजा कुठली?" ती म्हणाली, आणि तपासनीस आलाच तर खूश होऊन परत जावा म्हणून तिने डुकराला चेंडू आणला. लाल.

जूनच्या शेवटच्या शनिवारी वेद्राना नवी पत्रके घेऊन आली. तिच्या हातात पेला दिला गेला, मग तळलेल्या चरबीची थाळी, मग शिमूनकाकाचा हात; रिंगणनाचाचा तिसरा फेरा संपेपर्यंत ती आमचीच झाली होती.

"पण एवढी घाई कशाला केलीत?" तिने भरल्या तोंडाने विचारले. "घरच्यापुरतं घरी कापायला कुठे बंदी आहे? पुढेही नाही."

शिमूनकाकाने टोपी काढली. "बाई, हे आधी नाही का सांगायचं?"

"आज सांगायलाच आले होते ना, पत्रकं घेऊन! आधी तुम्ही मला चेंडूचं विचारलंत."

मावशी तेवढे ऐकून घरी धावली आणि तिने फोन लावला. "बार्तोल, कापता येतं रे! नोव्हेंबरात ये!"

"वा, आई! आणि आता तर सीमेवर डिकीसुद्धा उघडावी लागणार नाही. कधीही येता येईल गं मला. कधीही!"

मावशीने परत येऊन हे आम्हा सगळ्यांना आनंदाने सांगितले. वेद्रानाने ते 'संघप्रवेशाचे प्रत्यक्ष लाभ' या सदरात टिपून घेतले.

नोव्हेंबर आला, दव गोठले. बार्तोल म्हणाला, आता काय, नाताळला येतो. नाताळला म्हणाला, वसंतात रस्ते चांगले असतात. डुक्कर दाराएवढे झाले. मावशी त्याला कापत नाही. कधीही येता येणारा माणूस कधी येईल, सांगता येत नाही.

हसा, हसा. तुमच्या आणि तुमच्या आईच्या घरादरम्यान तर पहिल्यापासूनच एकही सीमा नव्हती.