ह्यांना चालत नाही

शेजाऱ्याला एक साधा प्रश्न विचारायचा, एवढंच मी ठरवलं होतं. त्या प्रश्नापायी माझी बढती गेली, अब्रू गेली आणि गॅलरीतली आरामखुर्ची गेली. त्यातली खुर्ची तेवढी परत मिळाली. (तिचा एक हात कुत्र्याने खाल्लाय.)

मी लोखंडी कपाटं बनवणाऱ्या कंपनीत कारकून आहे. आमचा विभाग परत आलेल्या मालाचा. कुणाचा खण अडकतो, कुणाचं दार लागत नाही, कुणाला घरी पोचल्यावर कळतं की कपाट जिन्यातून वर जातच नाही. ही सगळी माणसं तणतणत आमच्याकडे येतात आणि त्यांना "परत घेता येणार नाही" असं तोंडावर सांगणं हे आमच्या विभागप्रमुखांचं एकमेव काम. ते आता निवृत्त होणार होते. त्यांची खुर्ची मी इतकी वर्षं मागच्या टेबलावरून पाहत आलोय, की तिच्या पाठीवरचा ओरखडा न् ओरखडा मी ओळखतो. मला ती हवी होती. उगाच कशाला खोटं बोलू, दुसरं काही कधी एवढं हवंसं वाटलंच नाही.

नावं दोनच होती. एक माझं, दुसरं आमच्या होयबाचं. होयबा म्हणजे साहेबांना शिंक यायच्या आत रुमाल काढून उभा राहणारा माणूस.

निवड करण्याआधी साहेबांनी व्यक्तिमत्त्व-विकास शिकवणाऱ्या एक बाई बोलावल्या. बाईंनी आम्हाला सभागृहात गोलात बसवलं, डोळे मिटायला लावले आणि म्हणाल्या, "तुम्ही आतून कसे आहात, याला ऑफिसात काडीची किंमत नाही. तुम्ही लोकांना कसे दिसता, त्यावर निर्णय होतात. आज घरी गेल्यावर ओळखीच्या एखाद्याला विचारा, मी तुम्हाला कसा वाटतो?"

होयबाने डोळे न उघडताच टाळ्या वाजवल्या. मी मात्र विचारायचं ठरवलं. इथेच माशी शिंकली.

आमच्या शेजारी बँडमध्ये ट्रंपेट वाजवणारे एक गृहस्थ राहतात. त्याच संध्याकाळी ते मला जिन्यात भेटले.

"एक विचारू? मी तुम्हाला कसा वाटतो?"

त्यांच्या हातातली पिशवी खाली पडली. "का हो? माझं काही चुकलं का?"

"नाही हो, सहज. अगदी खरं सांगा."

"रागावणार नाही ना?" ते दोन पायऱ्या खाली सरकले. "तुमची भीती वाटते."

मी मागे वळून पाहिलं. मागे कुणी नव्हतं. माझी भीती वाटते म्हणत होते ते! जो माणूस स्वतःच्या घराची बेलसुद्धा हळूच दाबतो, त्याची!

"तुमच्या गॅलरीत रोज तासभर सराव करू का, असं मी वहिनींना विचारलं होतं," ते म्हणाले. "त्या बिचाऱ्या तयार होत्या. पण म्हणाल्या, ह्यांना चालत नाही. खालच्या आजींना त्यांचा कुत्रा दुपारचा तुमच्याकडे ठेवायचा होता, तर तेही तुम्हाला चालत नाही. तुमचे मेहुणे राहायला आले होते, त्यांना तुम्ही दारातूनच परत पाठवलंत. आणि वहिनींना तर इमारतीच्या सहलीलाही येऊ देत नाही. आम्ही सगळे त्यांच्यासाठी फार हळहळतो."

यातली एकही गोष्ट मला माहीत नव्हती. सहलीचं तर मला आधी कळलं असतं, तर मी एकटा जाऊन आलो असतो.

घरात शिरलो तेव्हा बायको कपड्यांच्या घड्या घालत होती.

"अगं, मला काय काय चालत नाही?"

तिने वर न पाहता विचारलं, "कोण भेटलं?"

"ते सोड. कुत्रा मला चालत नाही?"

"मला चालत नाही."

"मग तसं सांगायचं! माझं नाव कशाला?"

"अहो, मला दिवसभर याच माणसांत राहायचंय. तुम्ही सकाळी जाता ते दिवेलागणीला उगवता. प्रत्येक घराला एक वाईट माणूस लागतो. तो जितका कमी भेटेल तितका बरा."

"आणि सहल?"

"बसमध्ये सहा तास आजींच्या शेजारी? तुम्ही जाल?"

"पण सगळे मला राक्षस समजतात!"

"समजू देत ना. नाहीतर काय समजले असते?" ती म्हणाली, आणि माझा शर्ट घडी करून बाजूला ठेवला.

हे वाक्य मला लागलं. अजूनही लागतं. कारण त्याचं उत्तर तिला माहीत होतं आणि मलाही. कुठली वस्तू घ्यायची, कुणाकडे जायचं, मुलीला कुठल्या शाळेत घालायचं, यातलं एकही मी कधी ठरवलेलं नाही. माझ्या नावावर एवढे निर्णय झाले आणि त्यातल्या एकाचीही मला खबर नव्हती. मी पेटलो. (मी पेटतो म्हणजे माझे कान लाल होतात. त्यापलीकडे आग जात नाही.) म्हटलं, आता ठरवायचं ते मी. आणि सगळ्यांना हो म्हणायचं.

दुसऱ्याच दिवशी मी ट्रंपेटवाल्यांना गॅलरी दिली, आजींचा कुत्रा ठेवून घेतला आणि मेहुण्याला फोन केला.

"भावोजी, खरंच येऊ?" तो गदगदला. "ताई म्हणायची, तुम्हाला माझं तोंडही बघवत नाही."

"वेडा आहेस का? तुझंच घर आहे. हवं तितकं राहा."

हे तीन शब्द त्याने फारच मनावर घेतले. तो आपली व्यायामाची वजनं घेऊनच आला.

"तुमचा निर्णय, तुम्हीच निस्तरा," एवढं म्हणून बायको स्वयंपाकघरात गेली आणि आतून कडी लावून घेतली. चार दिवसांत घराचा पार बाजार झाला. गॅलरीत ट्रंपेट सुरू झाला की कुत्रा तोंड वर करून गळा काढायचा, आणि दोघांपैकी सुरात कोण हे सांगणं कठीण होतं. मेहुण्याच्या हातून वजन निसटलं की खालच्या आजी पंखा पडला म्हणून धावत वर यायच्या, आणि आल्याच आहेत तर चहा घेऊन जायच्या. गॅलरीतली माझी आरामखुर्ची ट्रंपेटवाल्यांनी घेतली होती, म्हणून मी मोरीजवळ पाट टाकून बसायचो. पण खरं सांगतो, मी सुखात होतो. जिन्यात माणसं माझ्याकडे बघून हसत होती.

रविवारी संध्याकाळी बेल वाजली. दारात साहेब आणि व्यक्तिमत्त्वाच्या बाई.

"दचकू नका," बाई हळूच म्हणाल्या. "माझी मावशी तुमच्याच इमारतीत राहते. तुमच्याबद्दल मी वर्षानुवर्षं ऐकतेय. एकदा नाही म्हणालात की ब्रह्मदेवाचा बाप आला तरी ऐकत नाही म्हणे! मी साहेबांना सांगितलं, कपाटं परत घेऊन येणाऱ्यांसमोर उभा करायला हाच माणूस हवा. साहेब म्हणाले, एकदा घरी बघू."

म्हणजे खुर्ची माझीच होती. नुसतं नाही म्हणत राहिलो असतो तर, किंवा बायकोला म्हणू दिलं असतं तरी पुरलं असतं.

तेवढ्यात कुत्रा साहेबांचा बूट घेऊन आत पळाला. मागोमाग गॅलरीतून ट्रंपेटवाले आले. "या, या! देवमाणूस आहे हो हा! उगाच घाबरायचो. कशालाच नाही म्हणत नाही!"

"कशालाच नाही," मेहुणा आतून ओरडला. तो माझ्या टॉवेलमध्ये होता.

"आणि मी मेली इतकी वर्षं याला नावं ठेवत होते," आजी म्हणाल्या. बाईंची मावशी ती हीच. हातात माझा कप.

साहेबांनी बाईंकडे पाहिलं. बाईंनी छताकडे पाहिलं. स्वयंपाकघराची कडी वाजली आणि बायको बाहेर आली. तिने एका नजरेत सगळं ओळखलं. तिलाही माझी ती खुर्ची हवी होती, हे मला तिच्या चेहऱ्यावर तेव्हा दिसलं.

"सगळ्यांनी आता निघायचं," ती म्हणाली. "ह्यांना चालत नाही."

सगळे खदखदून हसले. "ताई, पुरे आता!" मेहुणा म्हणाला. "भावोजींनीच बोलावलंय!"

तिने माझ्याकडे पाहिलं. मला फक्त "हो, मला चालत नाही" एवढं म्हणायचं होतं. मी म्हणालो, "असू दे गं. चहा झाल्यावर जातील."

मग तिने पदर खोचला. "मला चालत नाही," ती म्हणाली. आवाज चढवला नाही, हात उचलला नाही. ट्रंपेटवाले ट्रंपेट विसरून गेले. मेहुणा टॉवेलसकट गेला. कुत्र्याने बूट आणून जागेवर ठेवला. साहेब आणि बाई तर कुणी न सांगताच जिन्यात पोचले होते.

खुर्ची होयबाला लगेच मिळाली नाही. सोमवारी साहेबांनी माझ्या घरी फोन केला आणि विभागप्रमुखाची जागा बायकोला देऊ केली. हे मला संध्याकाळी तिच्याकडूनच कळलं.

"मग?" मी विचारलं.

"नको म्हटलं. घरी तुम्हाला सांभाळते तेवढं पुरे. ऑफिसातही तुम्हीच?"

"असं सांगितलंस साहेबांना?"

"छे, ते बरं दिसतं का?" ती म्हणाली. "मी म्हटलं, ह्यांना चालत नाही."

मगच खुर्ची होयबाकडे गेली. बाईंनी पुढच्या सभेत माझं नाव न घेता माझ्याकडे बघत सांगितलं, की पाहुण्यांसमोर गरीब गाय आणि बायकोसमोर वाघ, हा स्वभावाचा सर्वांत घातक प्रकार. आपण डोळ्यांनी पाहिलं ते सारं नाटक होतं, अशी त्यांची आता खात्री पटली होती. सभेनंतर साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावलं.

"लाज वाटायला हवी," ते म्हणाले. "इतकी कर्तबगार बाई, आणि तिला तुम्ही घरात डांबून ठेवता? मला आत्ताच्या आत्ता सांगा, तिला नोकरी करू का देत नाही?"

खरं सगळं ओठांवर आलं होतं. एक वाक्य बोललो असतो तर माझी अब्रू परत मिळाली असती, पण मग तिची गेली असती. असं एकट्याने कसं ठरवायचं?

"साहेब," मी म्हणालो, "घरी विचारून उद्या सांगतो."