चार गोट्यांची नोंद

एका जंगलात, मुलांनो, सिंहाला निर्णय घ्यायचा कंटाळा आला, म्हणून त्याने एआय बसवलं. कोणी कुठे चरावं, रस्ता कुठून जावा, सगळं तेच ठरवायचं.

त्या निर्णयांची नोंद कारभारी कोल्हा सांभाळायचा. आणि बदलायचाही. एक रानकोंबडी घरपोच झाली, की सकाळचा नकार संध्याकाळी होकार व्हायचा.

हे टिटवीला खपेना. ती जंगलाची जुनी वार्ताहर. कॉलेज शिकलेली, भांडायला एका पायावर तयार. ती सिंहाच्या तोंडावर ओरडली, "नोंदीत खाडाखोड! लाज नाही वाटत?"

शेवटी ब्लॉकचेन आली. म्हणजे एआयच्या प्रत्येक निर्णयाची प्रत प्रत्येक बिळात. एका बिळात अक्षर बदललं, की बाकीची बिळं बोंब मारणार. कोल्ह्याचा धंदा बसला. टिटवीला शाल-श्रीफळ मिळालं. तिचे पाय जमिनीला लागेनात.

मग तिने माळावर चार अंडी घातली. टिटवीची अंडी गोट्यांसारखी दिसतात, शत्रूला कळू नयेत म्हणून. एआयलाही कळली नाहीत. नोंद झाली: 'माळावर चार गोटे. हत्तींचा रस्ता इथून.'

टिटवी कोल्ह्याकडे धावली. "अहो, ती अंडी आहेत माझी!"

"असतील. पण अक्षर हलायचं नाही. तुमचाच आग्रह, बाई."

"मग खाली दुरुस्तीची नवी नोंद करा!"

"नोंद एआय करतं. त्याला पुन्हा विचारलं. पुन्हा गोटेच म्हणालं. आता तशा दोन नोंदी झाल्या."

टिटवीने इकडेतिकडे पाहिलं. आयुष्यात पहिल्यांदाच आवाज खाली आणला. "कारभारी, एकदाच... जुन्या पद्धतीने नाही का जमणार? रानकोंबडीचं मी बघते."

कोल्ह्याने कानांना हात लावले. "छे छे! एवढं सुधारलंत मला, आता बिघडवू नका."

हत्ती आले. टिटवी पंख पसरून आडवी झाली.

पुढचा हत्ती नम्रपणे म्हणाला, "मावशी, मलाही अंडीच दिसताहेत. पण कोणाच्या सांगण्यावर जाऊ नका, नोंद बघा, हे तुम्हीच घसा फोडून शिकवलंत ना?"

त्याने डोळे मिटले आणि पाऊल टाकलं.

लगेच नोंद झाली: 'चार गोटे फुटले. रस्ता मोकळा.'

टिटवी बिळाबिळात गेली. प्रत्येक प्रत पडताळून पाहिली. कुठेही एक अक्षर बदललेलं नव्हतं.

तात्पर्य: मुलांनो, लबाड कोल्ह्याला कधी सुधारू नये. यंत्राची प्रामाणिक चूक दुरुस्त करू शकेल असा जंगलात तेवढा एकच उरलेला असतो.