चाळीस हजारांची शंका

"आज त्या शोरूमवाल्यांना घाम नाही फोडला, तर गादीवाला नाव लावणार नाही!" आरशासमोर मिशा बसवत गादीवाले म्हणाले.

"घाम नको, पिकअप आणा," बायको म्हणाली. "सोमवारी वसतिगृहाच्या गाद्या पोचल्या नाहीत, तर ऑर्डर समोरच्या उशीवाल्याच्या घशात जाईल. दोनदा रिकाम्या हाती परतलात. आज मीही येते."

शोरूममध्ये पिकअप उभी होती, न्हाऊनमाखून बसलेल्या नवरीसारखी. तिथल्या पोरीनं किंमत सांगितली. गादीवाल्यांनी छाती फुगवून तोफ डागली, "चाळीस हजार कमी!"

"चालेल, काका," पोरगी हसून म्हणाली.

गादीवाल्यांची फुगलेली छाती खाली बसली. चालेल? असं कसं चालेल? ते स्वतः चटकन भाव कधी उतरवत? आत जुना कापूस कोंबलेला असला की! त्यांनी वाकून गाडीचं पोट पाहिलं, टायर हुंगला, सीट दोन्ही हातांनी दाबली. ती टणकन वर आली.

"बघ कशी उसळते! काहीतरी लपवतेय," ते कुजबुजले.

"नवी आहे हो ती!"

"सीटकव्हर फुकट देऊ, काका."

"फुकट!" गादीवाले बायकोमागे सरकले. "अगं, मांजर कधी उंदराला दूध पाजतं का?"

"पहिल्या वर्षाचा विमाही आमच्याकडून."

पोरगी मायेनं एकेक देत होती आणि हे एकेक पाऊल मागे जात होते. जाता जाता पाठ टेकली ती दाराशी उभ्या असलेल्या दुसऱ्या पिकअपला.

"ही कितीला?"

"ती विकायची नाही, काका. गिऱ्हाइकांना चालवून बघायला ठेवलीये."

विकायची नाही! गादीवाल्यांचे डोळे लकाकले. अस्सल माल कुठं दडवतात, हे त्यांना कुणी शिकवायचं? ते टुणकन आत चढले. सीटनं त्यांना आईच्या कुशीसारखं पोटात घेतलं.

"अहाहा! हिला म्हणतात सीट!"

"अहो, गाद्या विकता ना? बसलीये ती! येणाऱ्याजाणाऱ्यानं दाबून दाबून बसवलीये!"

"काका, खरंच जुनी आहे हो," पोरगी रडकुंडीला आली.

"बघ! जुनी म्हणून टाळतेय!"

गलका ऐकून मॅनेजर आला. कपाळभर आठ्या, आवाज पत्र्यासारखा. "हवीच असेल तर नवीच्या किमतीत. एक रुपया कमी होणार नाही."

गादीवाल्यांच्या जिवात जीव आला. ना हसणं, ना गोड बोलणं. असा माणूस सचोटीचा! त्यांनी धावत जाऊन त्याचा हात धरला, न जाणो त्याचं मन फिरायचं!

परतीच्या वाटेवर बायको त्या खोलगट सीटमध्ये गळ्यापर्यंत रुतून, खिडकीबाहेर बघत गुणगुणत होती:

"सोनं आलं दारी, धनी म्हणे पितळ,
पितळ दिसता, बाई, म्हणे किती नितळ!"

पिकअप खडखडत गल्लीत शिरली. काही असो, सोमवारच्या गाद्या आता वेळेवर पोचणार होत्या. उशीवाला तोंडाचा आ करून बाहेर आला.

"घेतलीत? वा! किती कमी केले हो त्यांनी?"

"करत होते," गादीवाले रुबाबात खाली उतरले, "पण मी करू दिले नाहीत!"