दाविदकाकांचा तह

प्रभुभोजनाच्या आदल्या शनिवारी दारावर थाप पडली, की समजायचं, आपलं कुणाशी तरी भांडण झालेलं आहे. आपल्याला ते ठाऊक असो वा नसो. दारात दाविदकाका ओहोळ उभे असायचे. हातात संदेश या बंगाली मिठाईचा पुडा आणि मागे, मान खाली घालून, आपला शत्रू.

गोष्ट सत्तर सालच्या आसपासची. मी गार्डन रीचला रेल्वेच्या कचेरीत कारकून होतो, लग्न नुकतंच झालेलं. कलकत्त्यात आम्ही मराठी ख्रिस्ती म्हणजे मूठभर घरं. कुणी नगरचं, कुणी जालन्याचं, कुणी सोलापूरचं. स्वतःचं चर्च कुठलं असायला! खिदिरपूरच्या एका बंगाली मंडळीचं चर्च महिन्यातून एका रविवारी दुपारी आम्हाला मिळायचं. खरगपूरहून पाळकसाहेब यायचे, आणि प्रभुभोजन व्हायचं. एकाच भाकरीचा तुकडा, एकाच प्याल्यातला घोट. पण त्याआधी मन साफ हवं, कुणाशी अबोला नको, असा रिवाज. रिवाज सगळेच मानत. दाविदकाका तो अमलात आणत.

"सहभागिता म्हणजे काय?" ते विचारायचे, आणि उत्तराची वाट न पाहता सांगायचे, "एका बाकावर बसणं नव्हे. ट्रामीतही लोक एका बाकावर बसतात!"

मग पुडा उघडायचा. एकच संदेश दोघांच्या हातात धरवायचा. "मोडा!" अशी आज्ञा व्हायची. दोघांनी तो मोडायचा, खायचा, की तह झाला. पाणी पिऊन काका पुढच्या घरी. घरभाडं, पोरांची मारामारी, नवरा-बायकोचा रुसवा, सगळ्याला औषध एकच. ज्यांना मधुमेह होता ते काकांच्या धाकाने कुणाशी भांडतच नसत.

एका शनिवारी त्यांनी आमच्या दारी शिंदेवहिनींना आणून उभं केलं. आमच्या सौभाग्यवती, मार्थाबाई, मागच्या उपासनेला वहिनींशेजारी न बसता तीन बाकं सोडून बसल्या होत्या. कारण इतकंच, की पंखा तिथे होता. पण काकांच्या हिशेबी हा सरळसरळ अबोला.

"वहिनी तुला गर्विष्ठ म्हणाल्या असतील तर विसरून जा, मार्था."

"मी कधी म्हटलं?" वहिनी दचकल्या.

"आणि वहिनी, मार्थाने तुमच्या आमटीला नावं ठेवली असतील, तर लहान आहे, क्षमा करा."

"आमटीला? काय झालं माझ्या आमटीला?"

मार्था क्षणभर गप्प राहिली, आणि तिथेच घात झाला. आमटीबद्दल ती घरात खरंच काहीतरी बोलली होती. काकांनी अंधारात मारलेला दगड नेमका लागला. दोघींनी दातओठ खात संदेश मोडला, आणि तो गिळून होईपर्यंत खरंखुरं, पक्कं, नगरी भांडण उभं राहिलं. काका मात्र "देवाची स्तुती असो" म्हणत जिना उतरले.

दुसऱ्या दिवशी चर्चमध्ये दोघी दोन टोकांना. पाळकसाहेबांनी प्रभुभोजनाच्या मेजावरचा पांढरा कपडा काढला, तसे काका उठले. "मी चहाचं बघतो," असं पुटपुटत मागच्या खोलीत गेले. हे नेहमीचंच होतं. उपासनेनंतरचा चहा काकाच करायचे, आणि इतक्या लोकांचं आधण म्हणजे वेळ लागणारच, असं आम्ही धरून चाललो होतो. पण त्या दिवशी मार्था रागात होती, आणि रागावलेल्या माणसाला बरंच दिसतं. "आमचं मन साफ करतात, मग स्वतः प्याला का घेत नाहीत?" असं माझ्या कानात म्हणून ती तरातरा मागे गेली. बघते तो शिंदेवहिनी आधीच कमरेवर हात देऊन उभ्या. त्यांनाही तेच विचारायचं होतं.

काका स्टोव्हला पंप मारत होते. थांबले. म्हणाले, "माझा तह व्हायचाय अजून."

धाकटा भाऊ शिमोन, बजबजच्या तागाच्या गिरणीत. आई गेली तेव्हा दोघे नगरला गेले होते. कबरीपाशी काकांनी आईचं आवडतं गीत धरलं, ते देशी चालीवर. शिमोनने तेच गीत धरलं विलायती चालीवर. कुणी मागे हटेना. अर्धे लोक याच्या मागे, अर्धे त्याच्या मागे, आणि आईची शवपेटी त्या गोंधळात खाली गेली. "तिला शेवटचं गाणं धड ऐकू दिलं नाही आम्ही," काका म्हणाले. तेव्हापासून भावाभावांत शब्द नाही आणि काकांच्या ओठाला प्याला नाही.

"मग जात का नाही बजबजला? इथून किती लांब आहे?"

"माझेरहाट स्टेशनापर्यंत जातो ना. गाडी येते, जाते. मी बाकावर बसून राहतो." काकांनी पुन्हा पंप मारला. "वय झालं, मार्था. तसाच गेलो तर आईला काय तोंड दाखवू?"

चहा त्या दिवशी कडू झाला होता.

पुढच्या महिन्यात उपासनेच्या रविवारी सकाळीच मार्था आणि शिंदेवहिनी बजबजच्या गाडीत बसल्या. दोघी अजून एकमेकींशी बोलत नव्हत्या, म्हणून सामानासारखा मध्ये मला बसवलं होतं. शिमोनराव बनियनवर ओसरीत बसले होते. उपासनेला चला, हे ऐकून म्हणाले, "दादाने बोलावलंय?"

"हो," शिंदेवहिनी म्हणाल्या.

"नाही," मार्था म्हणाली.

मग दोघींची तिथेच जुंपली. खोटं बोलून तह होत नाही, आणि खरं बोलून तर मुळीच होत नाही, असा वाद. आमटीही निघाली. शिमोनराव बिचारे इकडून तिकडे मान वळवत होते. मध्येच त्यांनी हळूच मला विचारलं, "दादा गातो का हो अजून?"

मी आठवून पाहिलं. "नाही. आम्ही कधीच ऐकलं नाही. चहा करतात."

ते उठले आणि खुंटीवरचा सदरा घातला.

दुपारी ते शेवटच्या बाकावर, भिंतीला टेकून बसले. मेजावरचा कपडा निघाला. काका नेहमीसारखे उठले, मागे वळले, आणि उभेच राहिले. लोकांचे तह लावताना ज्यांची जीभ थांबत नसे, त्या माणसाला एक शब्द सापडेना. शिमोनरावांनी थोडं सरकून बाकावर जागा केली. काका बसले. दोघेही समोर बघत होते.

भाकर फिरली. मग पाळकसाहेब प्याला घेऊन त्यांच्यापर्यंत आले. काकांनी दोन्ही हातांनी प्याला घेतला. तोंडाशी नेला, आणि थांबले. इतकं करून आता हा माणूस मागे फिरतो की काय!

काकांनी प्याला शेजारी सरकवला.

"आधी याला द्या, पाळकसाहेब," ते म्हणाले. "धाकटा आहे. आई आधी यालाच वाढायची."

धाकट्याचं डोकं दादापेक्षा पांढरं होतं. त्याने घोट घेतला आणि तो लहान मुलासारखा रडायला लागला. मग काका प्याले.